बंदीचा भार कोणी वाहायचा?

२० मार्च २०२० रोजी संध्याकाळी ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी देशातील पब, मद्यालये आणि उपाहारगृहे त्याच रात्रीपासून बंद करण्यास सांगितले. पाच दिवसांनी भारतात टाळेबंदी सुरू झाली. परवाना घेऊन, कर भरून, कायद्याच्या चौकटीत चालणारा एक व्यवसाय दोन्ही देशांत सरकारच्या आदेशाने बंद झाला आणि त्यात व्यावसायिकाचा काही दोष नव्हता. सार्वजनिक आरोग्यासाठी हे करणे भाग होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. प्रश्न पुढचा आहे. दुकानाला कुलूप लागले की उत्पन्न थांबते. जागेचे भाडे, कर्जावरील व्याज, नोकरांचे पगार आणि परवान्याचे शुल्क मात्र थांबत नाही. हा भार कोणी आणि किती वाहायचा, हे आदेश काढणाऱ्याने सांगायचे की नाही?

आपल्याकडे हा प्रश्न स्वतंत्रपणे कोणी विचारला नाही. ब्रिटनमधील पबच्या साखळी कंपन्यांनी आणि त्यांच्या गुंतवणूकदारांनी तो काळ कसा काढला, हे पाहिले तर या प्रश्नाची उत्तरे किती प्रकारे देता येतात ते कळते आणि त्या उत्तरांतला अन्यायही दिसतो.

आधी त्या धंद्याची रचना समजून घ्यायला हवी. एके काळी ब्रिटनमधील बहुसंख्य पब बीअर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे असत. ही मक्तेदारी मोडण्यासाठी १९८९ मध्ये सरकारने नियम केले. ज्या उत्पादकाकडे २,००० हून अधिक पब होते, त्याला वरच्या संख्येपैकी निम्मे पब मोकळे करावे लागले. उत्पादकांनी पब विकले आणि ते विकत घेण्यासाठी नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांचा खरा व्यवसाय बीअरपेक्षा स्थावर मालमत्तेचा होता. पब कुळाला चालवायला द्यायचा, भाडे घ्यायचे, बीअर आपल्याकडूनच घेण्याचे बंधन घालायचे आणि या खात्रीच्या उत्पन्नाच्या जोरावर बाजारातून मोठे कर्ज उभारायचे, अशी ही पद्धत. महासाथीच्या तोंडावर तर या क्षेत्रात मोठे सौदे झाले होते. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या सीके ॲसेट कंपनीने ग्रीन किंग ही साखळी घेतली. मार्च २०२० च्या सुरुवातीला स्टोनगेटने ईआय ग्रुप हा देशातील सर्वांत मोठा पबमालक समूह सुमारे १२७ कोटी पौंडांना घेतला. त्याच्या डोक्यावरचे कर्ज वेगळेच. तीन आठवड्यांच्या आत सगळे पब बंद झाले.

उत्पन्न शून्यावर आले तेव्हा या कंपन्यांनी चार दारे ठोठावली. पहिले दार सरकारी तिजोरीचे. कामावरून तात्पुरत्या दूर ठेवलेल्या नोकरांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिन्याला कमाल २,५०० पौंडांपर्यंत, सरकारने उचलला. ही योजना सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत चालली आणि सर्व क्षेत्रे मिळून तिच्यावर सुमारे ७,००० कोटी पौंड खर्च झाले. व्यावसायिक मालमत्तेवरील स्थानिक कर माफ झाला. अन्न आणि मद्येतर पेयांवरील मूल्यवर्धित कर जुलै २०२० मध्ये २० वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. दुसरे दार धनकोंचे: कर्जाच्या अटी शिथिल करून घेणे. तिसरे भागधारकांचे. जेडी वेदरस्पून या साखळीने एप्रिल २०२० मध्ये नवे समभाग देऊन सुमारे १४.१ कोटी पौंड उभारले आणि जानेवारी २०२१ मध्ये, तिसऱ्या टाळेबंदीच्या काळात, आणखी ९.३७ कोटी. मिचेल्स अँड बटलर्सने त्यानंतरच्या महिन्यात सुमारे ३५ कोटी पौंडांची भांडवल उभारणी जाहीर केली. तिच्या तीन मोठ्या गुंतवणूकदारांनी आपले भाग एका नव्या कंपनीत एकत्र आणून या उभारणीला पाठबळ दिले आणि निम्म्याहून अधिक भागभांडवल त्यांच्या हाती एकवटले.

चौथे दार सर्वांत कष्टाचे, घरातली चीजवस्तू विकण्याचे. मार्स्टन्स ही १८३४ पासून बीअर बनवणारी कंपनी. तिने २०२० मध्ये आपले बीअर उत्पादन कार्ल्सबर्गबरोबरच्या संयुक्त कंपनीत टाकले, स्वतःकडे ४० टक्के हिस्सा ठेवला आणि बदल्यात रोख रक्कम घेतली. पुढे जानेवारी २०२१ मध्ये प्लॅटिनम इक्विटी या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने ६६.६ कोटी पौंडांना सगळी कंपनीच विकत मागितली. संचालकांनी ती किंमत कमी ठरवून प्रस्ताव फेटाळला. मात्र २०२४ मध्ये उरलेला ४० टक्के हिस्साही कार्ल्सबर्गला विकला गेला आणि जवळपास दोन शतकांचा उत्पादक निव्वळ पबचालक झाला.

गुंतवणूकदारांच्या बाजूने पाहिले तर महासाथीने सगळ्यांना सारखे भाजले नाही. ज्याच्याकडे आणखी पैसा ओतण्याची ऐपत होती, त्याने पडलेल्या भावात आपला हिस्सा वाढवला किंवा टिकवला. ज्याच्याकडे नव्हती, त्या लहान भागधारकाचा हिस्सा आक्रसला. जोखीम घेणे हा गुंतवणूकदाराचा धर्मच आहे, त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण साखळीच्या तळाशी असलेल्या कुळाकडे यांतले तिसरे आणि चौथे दार नव्हतेच. काही मालक कंपन्यांनी भाडे माफ केले, काहींनी सवलत दिली, काहींनी ते फक्त पुढे ढकलले. त्यातच नियम सतत बदलत होते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये रात्री १० ची मर्यादा आली, पुढे जिल्हावार स्तर आले. काही भागांत पुरेशा जेवणासोबतच मद्य देता येईल असे ठरले, आणि अंडे घातलेला एक तळलेला पदार्थ ‘पुरेसे जेवण’ ठरतो की नाही यावर मंत्र्यांना खुलासे करावे लागले. साठवलेली बीअर काही आठवड्यांत खराब होते. ज्याच्याकडे एकच पब आहे, त्याला अशा प्रत्येक बदलाची किंमत स्वतःच्या खिशातून द्यावी लागली.

तरीही ब्रिटनच्या व्यवस्थेने दोन गोष्टी केल्या, ज्यांची आपण नोंद घ्यायला हवी. पहिली विम्याची. व्यवसाय खंडित होण्याचा विमा असूनही विमा कंपन्या पैसे देत नाहीत, असे दिसल्यावर वित्तीय नियामकानेच नमुना खटला दाखल केला आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बहुतांशी विमाधारकांच्या बाजूने निकाल दिला. एकेका पबचालकाला वकील लावून लढावे लागले नाही. दुसरी भाड्याची. थकलेल्या भाड्यासाठी व्यापारी जागेतून हुसकावण्यावर आधी स्थगिती आली आणि २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. सरकारी आदेशाने धंदा बंद असतानाच्या काळातले भाडे वेगळे काढायचे आणि तडजोड झाली नाही तर लवादाने दोघांची ऐपत पाहून ते वाटून द्यायचे, हे त्याचे सूत्र.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात नवल वाटत नाही. १९०४ च्या ब्रिटिश परवाना कायद्याने असे ठरवले होते की, गैरवर्तनाचा दोष नसताना केवळ पबांची संख्या कमी करण्यासाठी एखाद्याचा परवाना काढून घेतला तर त्याला भरपाई द्यायची. तीही सरकारी तिजोरीतून नव्हे, तर उरलेल्या परवानाधारकांकडून वसूल केलेल्या निधीतून. पहिल्या महायुद्धात कार्लाइल परिसरात दारूगोळा कारखान्यांच्या कामगारांचे मद्यपान आवरण्यासाठी सरकारने तेथील पब आणि बीअरचे कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा ते मोबदला देऊन घेतले. त्याच काळात आलेली दुपारच्या बंदीची युद्धकालीन तरतूद इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकली, हा वेगळा धडा. तात्पुरते निर्बंध आपणहून जात नाहीत. त्यांची मुदत लिहून ठेवावी लागते.

आता आपल्याकडे वळू. ४ मे २०२० पासून मद्याची दुकाने उघडू लागली आणि दुसऱ्याच दिवशी दिल्ली सरकारने कमाल किरकोळ किमतीवर ७० टक्के विशेष करोना शुल्क लावले. ते १० जूनला मागे घेतले गेले. म्हणजे बाटली विकून महसूल मिळवणे राज्याला तातडीचे वाटले. बसून पिण्याची जागा चालवणारा मात्र थांबला. महाराष्ट्रात उपाहारगृहे आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला निम्म्या क्षमतेने उघडले आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाले. दुकान आधी उघडण्याला आरोग्याचे कारण होते, हे मान्य. पण बंद राहिलेल्या बारचे भाडे, व्याज आणि पगार यांचे काय?

पगाराबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० ला आदेश काढला की, बंद काळात पूर्ण वेतन द्यावे. ते कशातून द्यावे याविषयी आदेशात काही नव्हते. मे महिन्यात तो मागे घेतला गेला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांना वाटाघाटी करण्यास सांगितले. भाड्याचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे खान मार्केटमधील एका दुकानाच्या निमित्ताने आला. टाळेबंदीच्या कारणाने भाडे स्थगित करता येणार नाही, असे न्यायालयाने मे २०२० मध्ये सांगितले. करारात तरतूद नसेल आणि कायद्यात आधार नसेल, तर न्यायाधीश दुसरे काय करणार? कर्जाचे हप्ते ऑगस्ट २०२० पर्यंत पुढे ढकलले गेले, पण व्याज चढतच होते. चक्रवाढ व्याजापुरता दिलासा न्यायालयीन लढाईनंतर मिळाला. सरकारी हमीच्या कर्ज योजनेत आदरातिथ्य क्षेत्रासाठी स्वतंत्र भाग मार्च २०२१ च्या अखेरीस आला, आणि तोही आधीच बँकेचे कर्ज असणाऱ्यांसाठी. याउलट बर्गर किंग इंडियाने डिसेंबर २०२० मध्ये आणि बार्बेक्यू नेशनने २०२१ च्या वसंतात प्राथमिक भागविक्री करून बाजारातून भांडवल उभारले. भांडवल बाजाराचे दार आपल्याकडेही उघडे होते, पण ते साखळ्यांसाठी. शहराच्या एका कोपऱ्यात एकच परवाना घेऊन बसलेल्या माणसाला ते दिसलेसुद्धा नाही.

येथे एक आक्षेप येणारच. मद्य विकणाऱ्याची एवढी काळजी कशाला? राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये नशाबंदीचे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते खरे. पण मग राज्याने नशाबंदी उघडपणे आणावी. एका हाताने परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्क घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने, तुझा धंदाच तसला, असे म्हणून संकटात पाठ फिरवायची, ही नीती नव्हे. शिवाय बारमध्ये भांडी घासणारा, टेबल पुसणारा, रात्रपाळीचा पहारेकरी यांच्या पोटाला अनुच्छेद ४७ चे कारण सांगून भागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ब्रिटनएवढा पैसा आपल्या तिजोरीत कुठे आहे? नाहीच. म्हणूनच वाटणीचा नियम आपल्याला अधिक हवा. तिजोरी भरलेली असेल तेव्हा अस्पष्टता खपते. ती रिकामी असते तेव्हा सगळा भार ज्याच्या हाती सर्वांत कमी आहे त्याच्यावर घसरतो.

या बाबतीत आपला जुना कायदा नव्यापेक्षा शहाणा होता, असे म्हणावे लागते. साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळी झाला. त्याच्या अंमलबजावणीतील जुलूम पुण्याने सोसला आहे आणि त्या कायद्याचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. पण त्याच्या दुसऱ्या कलमात एक वाक्यांश आहे, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सरकारने निर्बंध घालावेत आणि त्यांपायी होणारा खर्च, भरपाई असल्यास तीही, कोणी व कशी सोसायची हे ठरवावे, असा त्याचा आशय आहे. वसाहतीच्या सरकारला निदान हा प्रश्न सुचला होता. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कर्जफेडीत सवलतीची शिफारस करण्याची तरतूद आहे, सरकारने जागा किंवा वाहन ताब्यात घेतल्यास मोबदलाही आहे. पण आदेशाने बंद केलेल्या धंद्याविषयी तो मूक आहे.

प्रशासकीय सेवेतील वर्षांत बंदीचे अनेक आदेश माझ्या नजरेखालून गेले. कोणते कलम, किती वाजल्यापासून, कोणत्या हद्दीत, उल्लंघन केल्यास कोणती शिक्षा, हे सारे त्यांत काटेकोर असे. बंदीचा आर्थिक भार कोणाचा, यावरचा परिच्छेद मी कधी वाचला नाही. तो लिहिणे सक्तीचे व्हावे, एवढीच माझी मागणी आहे. बंदी जितके दिवस, तितक्या दिवसांचे परवाना शुल्क आपोआप माफ व्हावे. त्यासाठी शिष्टमंडळांना मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत. बंद काळातले भाडे मालक आणि भाडेकरू यांच्यात वाटून देणारी लवादाची व्यवस्था राज्यांच्या भाडे कायद्यांत आधीच असावी. १९०४ च्या धर्तीवर परवाना शुल्काचा एक छोटा हिस्सा दरवर्षी निधीत जमा व्हावा आणि त्यातून पहिला हक्क कामगारांच्या पगाराचा असावा. प्रत्येक निर्बंधाला मुदत असावी; ती संपली की निर्बंध संपावा किंवा कारणे देऊन नव्याने काढावा.

यांतल्या बहुतेक गोष्टींना मोठा पैसा लागत नाही. लागते ते संकट नसताना बसून कायदा लिहिण्याची तयारी. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा बंदीचा आदेश पुन्हा एका रात्रीत निघेल, हे मात्र नक्की. तो टंकलिखित होण्याआधी त्यातला हा परिच्छेद तयार असला पाहिजे.