मुके दुखणे

घरातील एखादी वडीलधारी स्त्री जेवणानंतर उजव्या कुशीत दुखते असे म्हणाली, की ‘पित्त खवळले असेल’ एवढे बोलून आपण मोकळे होतो. आम्ही मूळचे कोंकणी बोलणारे. आमच्या घरी अशा वेळी आमसुलाचे सार पुढे येई, येथे बीदरकडे आल्याचा रस येतो. बहुतेक वेळा दुखणे साधेच असते. परंतु क्वचित त्यामागे पित्ताशयाचा कर्करोग दडलेला असतो, आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक गाठतो.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणीचे कार्य सुरू झाले. कार्यकर्ते खेडोपाडी जाऊन लक्षणे समजावून सांगू लागले, तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर रुग्णालयात येऊ लागल्या. लोकशिक्षणाचे हे केवढे फळ!

पित्ताशयाच्या बाबतीत मात्र तेवढ्याने भागत नाही. आमच्या सीमाभागात मराठी, कन्नड, दखनी अशा भाषा नांदतात; पण हा अवयव कोणत्याच भाषेत वेळेवर बोलत नाही. कावीळ दिसेपर्यंत रोग बहुधा पसरलेला असतो. तो लवकर सापडतो तोही पुष्कळदा योगायोगानेच, खड्यांसाठी काढलेले पित्ताशय तपासताना.

म्हणून शास्त्रज्ञ प्रथिनांकडे वळले आहेत. पेशी रोगट झाली म्हणजे काही प्रथिने वाढतात, काही घटतात. बंगळूरची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्स, ग्वाल्हेरचे जिवाजी विद्यापीठ आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात २,५७५ प्रथिने ओळखली. रोगग्रस्त पित्ताशयात प्रोसॅपोसिन वाढलेले आणि ट्रान्सजेलिन घटलेले आढळले. पण ही खूण काढलेल्या अवयवात दिसली. ती साध्या रक्तात दिसावी, रोग पसरण्यापूर्वी दिसावी, आणि नुसत्या खड्यांच्या सुजेने फसू नये, तरच तिचा उपयोग. एवढी कसोटी लावल्यावाचून कोणी ‘थेंबभर रक्तात निदान’ असे सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कोणी म्हणेल, हा रोग गंगेच्या खोऱ्यात अधिक, दक्षिणेत विरळ. मग आपण त्याची चिंता का करावी? आम्हांस हे मान्य नाही. ज्या घरी तो येतो त्या घराला तो विरळ नसतो. जेथे सांगून भागते तेथे सांगावे. जेथे शरीरच मुके राहते तेथे संशोधनावर खर्च करावा, आणि सिद्ध झालेली तपासणी औराद, भालकी, आळंद येथील सरकारी दवाखान्यांपर्यंत पोहोचवावी. नाहीतर ती शहरांचीच मिरास ठरेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या या शोधात सहभागी होईलही. तोवर एक काम आजच करता येण्याजोगे आहे. आई दुखणे गिळून चुलीपुढे बसली असेल, तर ‘पित्त असेल’ म्हणू नका. तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.