घोड्यांचा हिशेब आणि माणसांचा

आषाढसरी सुरू झाल्या की भोर-वेल्हे भागातील खाचरांत भातलावणीची धांदल उडते. नेमक्या त्याच दिवसांत पुण्याच्या लष्कर भागातील रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम भरात येतो. मुंबईचा हंगाम हिवाळ्याचा, पुण्याचा पावसाळ्याचा, ही वहिवाट जुनीच आहे. भोरहून एस.टी.ने स्वारगेट गाठले की रेसकोर्स फारसे दूर राहत नाही. तेथे जाणारा सुशिक्षित पगारदार स्वतःला जुगारी म्हणवून घेत नाही. ‘हा अभ्यास आहे, नशिबाचा खेळ नव्हे,’ असे तो म्हणतो. त्याचे हे म्हणणे हसण्यावारी न नेता तपासून पाहिले पाहिजे.

त्यात तथ्य नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन् खटल्याच्या निकालात घोड्यांची शर्यत हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले. घोड्याच्या मागील धावा, त्याला मानवणारे अंतर, जॉकीचा हात, पावसाने मऊ झालेली धावपट्टी, पाठीवरचे वजन या साऱ्यांचा मिळून ‘फॉर्म’ ठरतो. तो वाचता येणारा माणूस डोळे मिटून आकडा लावणाऱ्यापेक्षा शहाणा, हे निर्विवाद.

परंतु येथेच पहिली अडचण उभी राहते. बहुतेक शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात. जो घोडा जिंकतो त्याचे मानांकन वाढते आणि पुढच्या शर्यतीत त्याच्या पाठीवर अधिक वजन येते. जो मागे पडतो त्याचे ओझे हलके होते. सर्व घोडे शक्य तितके एका रेषेत यावेत, हाच या व्यवस्थेचा हेतू. म्हणजे अभ्यासकाने मोठ्या कष्टाने शोधलेला फरक पुसून टाकण्याचे काम दुसरा एक जाणकार आधीच करून बसलेला असतो.

दुसरी अडचण भावाची. समजा, शर्यतीत तीनच घोडे आहेत. पहिल्याला बरोबरीचा भाव, दुसऱ्याला एकास दोन, तिसऱ्याला एकास तीन. पहिल्यावर ६ रुपये, दुसऱ्यावर ४ आणि तिसऱ्यावर ३ लावले, तर कोणताही घोडा जिंको, हाती १२ रुपयेच येतात. खर्च मात्र १३ झालेला असतो. गणिताच्या भाषेत १/२, १/३ आणि १/४ यांची बेरीज १ नसून १३/१२ होते. हा वरचा बारावा हिस्सा म्हणजे दुकानदाराचा नफा. तेव्हा प्रश्न ‘कोणता घोडा जिंकेल’ एवढाच नाही. ‘त्याच्या जिंकण्याची शक्यता भावात दिसते त्याहून खरोखर अधिक आहे काय’ हा आहे. सर्वांना ठाऊक असलेला उत्तम घोडा हा उत्तम सौदा असेलच असे नाही, कारण ते ज्ञान भावात आधीच मुरलेले असते.

या वाटेने कोणी यशस्वी झालेच नाही काय? झाले. विल्यम बेंटर या अमेरिकनाने १९८०च्या दशकापासून हाँगकाँगमध्ये संगणकाच्या साहाय्याने फॉर्म मोजून मोठे धन मिळविले. पण १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यानेच दाखवून दिले की, केवळ स्वतःच्या गणितावर विसंबणे पुरेसे नव्हते. लोकांनी ठरविलेले भाव त्यात मिसळावे लागले. संगणक, सहकारी, भांडवल आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी एवढे सारे पाठीशी असताना ही स्थिती. मग शनिवार-रविवारी रेसचे पुस्तक चाळणाऱ्याची काय कथा! त्यातच आपल्याकडे बाजीच्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. एवढा भार उचलून नफ्यात राहणारा अंदाज कोणता?

संभाव्यतेचे शास्त्रच मुळी जुगाराच्या पटावर जन्मले. १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या डावाची वाटणी कशी करावी, यावर पत्रव्यवहार केला आणि या शास्त्राचा पाया घातला गेला. पण त्या शास्त्राने जुगाऱ्याला दिलेला सल्ला एकच आहे: भाव प्रतिकूल असेल तर जितका अधिक काळ खेळाल, तितके हरणे निश्चित.

अनिश्चितता आपल्या लोकांना नवी नाही. वेल्ह्याचा शेतकरी दरसाल पावसाच्या भरवशावर रोपे लावतो. परंतु त्याची जोखीम टाळता येण्याजोगी नसते आणि तिच्यातून भात पिकतो. पगारातून रेसकोर्सवर विकत घेतलेल्या जोखमीतून काही पिकत नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते आणि वाटेत कापले जाते.

यावर बंदीपेक्षा शिक्षण अधिक उपयोगी. दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे. नाणी आणि फासे शिकवून झाल्यावर शिक्षकांनी वर्गात तेरा रुपयांचे बारा करून दाखवावेत. त्यासाठी खडू-फळ्यापलीकडे काहीही लागत नाही. तो हिशेब ज्याने एकदा स्वतःच्या हाताने मांडला, तो उद्या रेसकोर्सवर गेलाच, तर करमणुकीचे मोल देऊन परत येईल. घरचे वाणसामान पणाला लावणार नाही.