शिजवले म्हणजे निर्धोक झाले?

पुण्यात गणेश पेठेतील मासळी बाजारातून बांगडा आणला की घरच्या कुत्र्यालाही तुकडा मिळतो. कोणी म्हणते, कच्चाच द्या, कुत्रा मूळचा शिकारी! कोणी म्हणते, शिजवला की कसलीच भीती नाही. माझ्या मते दोन्ही मते अपुरी आहेत.

१९३२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चॅस्टेक नावाच्या गृहस्थांकडील पाळीव कोल्हे कच्चे मासे खाऊन लुळे पडू लागले. कोल्हा कुत्र्याच्याच कुळातला. काही माशांत थायामिनेज हे विकर असते व ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. विकर हे प्रथिन असल्यामुळे उष्णतेने निकामी होते. म्हणून मासा शिजवावा, हे खरेच.

परंतु उष्णता सर्वशक्तिमान नव्हे. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टामीन तयार करतात. ते उकळूनही जात नाही. कालवणातील कांदा-लसूण शिजल्यावरही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. खारवलेल्या माशातील मीठ उडून जात नाही, पाण्यात उतरते. आणि तेच पाणी आपण त्याच्या भातावर ओततो!

तेव्हा मासा ताजा असावा, मीठ-मसाल्याविना उकडावा, काटे काढावेत आणि थोडाच द्यावा. कोणता दोष उष्णतेने जातो व कोणता जात नाही, हे दर वेळी विचारा. मुक्या प्राण्याला तक्रार करता येत नाही. त्याच्या वतीने विचार आपणच करायला हवा.