तळाची अक्षरे

उत्तर रोमन काळातील कांस्य नाणे विकावयास काढताना व्यापारी हल्ली त्यापुढे 'आर-५' अशी दुर्मीळतेची खूण घालून दाम चौपट सांगतात, आणि आपल्यातील अनेक जाणते संग्राहकही त्या खुणेची खातरजमा न करिता ते मोजतात, हे पाहून आम्हांस येथे दोन शब्द लिहिणे प्राप्त झाले आहे. पॅट्रिक ब्रून यांनी १९६६ साली रोमन नाण्यांच्या महासूचीचा जो सातवा खंड सिद्ध केला, त्यातील ही श्रेणी ग्रंथकर्त्याने तपासलेल्या संग्रहांत ते नाणे कितीदा आढळले एवढेच सांगते. पुढील काळात बाल्कन प्रदेशातून घाऊक बाजारात आलेल्या मालाचा हिशेब तिच्यात असणार तरी कोठून?

दोन सैनिक आणि मध्ये ध्वज हा छाप घ्या. ध्वज दोन असतील तर नाणे साधारणतः ३३० ते ३३५ या सालांतले, एकच असेल तर त्यानंतरचे. परंतु खरी परीक्षा सैनिकांच्या पायांखालच्या पट्टीत आहे. तेथे 'एस एम ए एन' ही अक्षरे दिसली तर टांकसाळ अँटिओकची, 'सी ओ एन एस' दिसली तर कॉन्स्टँटिनोपलची, आणि शेवटी बहुधा ग्रीक अक्षराने तिच्यातील विभाग दाखविलेला. आर-५ पुष्कळदा एवढ्या एका अक्षरावर उभे असते: तोच छाप, तीच टांकसाळ, केवळ विभाग निराळा. अशा अक्षरापायी कोणी पदरमोड करावी, असे आम्हांस वाटत नाही.

ज्यात छापच विरळा, ती गोष्ट वेगळी. ३२७ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलला निघालेले, ध्वजदंडाने सर्प विंधिल्याचे चित्र असलेले नाणे, किंवा कॉन्स्टंटाइनचा पुतण्या हॅनिबॅलिअॅनस याचे, मागील बाजूस पहुडलेल्या युफ्रेटिस नदीदेवतेचे नाणे, यांना दाम द्यावेच. मात्र कडेवरील ओतीव सांधा आणि पृष्ठभागावरील हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे भिंगाखाली न्याहाळल्यावाचून देऊ नये, कारण नकल करणाऱ्याचेही लक्ष नेमके याच नाण्यांवर असते. आम्लाने घासून पुसून लखलखीत केलेले नाणे तर हाती धरूच नये. मूळचा गुळगुळीत हिरवा थर ठेवावा. भुकटीसारखा फिकट हिरवा गंज मात्र कांस्याचा रोग समजून तो नग इतरांपासून तत्काळ वेगळा करावा.

नाण्याचे मोल केवळ दुर्मीळतेत नसते. तमिळनाडूतील करूर येथे अमरावती नदीच्या पात्रात चौथ्या-पाचव्या शतकांची जी झिजलेली रोमन नाणी सापडतात, त्यांची किंमत सूचीत शोधणाऱ्यास काहीच मिळणार नाही. गेल्या महिन्यात एका वाचकाने असेच एक नाणे ओळखण्यासाठी आणून दिले. व्यास सोळा मिलिमीटर, लेख नाहीसा, सम्राटाचे मुख केवळ उंचवटा. परंतु मागील बाजू तिरप्या प्रकाशात धरताच एक उगारलेला हात, खाली कोसळलेला घोडा आणि भाल्याची रेषा उमटली. दुसऱ्या कॉन्स्टँटिअसच्या काळातील, घोडेस्वारास पाडणाऱ्या सैनिकाचा तो सर्वपरिचित छाप. टांकसाळ समजली नाही. पाकिटावर वाचकाने पेन्सिलीने 'करूर, नदीपात्र' असे लिहिले होते. ते पाकीट जपून ठेवण्यास आम्ही त्यांस बजाविले.