शोध मुलांचा, उत्तर वडीलधाऱ्यांचे

साहस हा शब्द कानी पडताच आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीपुढे कोणती चित्रे उभी राहतात, हे शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांकडे पाहिल्यास सहज कळून येते. ज्या पुस्तकांत आफ्रिकेतील सिंह, उत्तर ध्रुवाकडील पांढरी अस्वले अथवा अथांग सागरातील देवमासे आहेत, त्यांची पाने हाताळून सैल झालेली असतात; इतर कित्येक पुस्तके मात्र कोरी करकरीत राहतात. यात काही वावगे आहे असे आम्ही म्हणत नाही. अज्ञात प्राण्यांविषयीचे कुतूहल हे बालमनाचे भूषणच होय. तथापि या वाचनातून एक गैरसमज मुलांच्या मनात हळूच शिरतो व तो त्यांच्या पालकांच्या मनात तर आधीपासूनच ठाण मांडून बसलेला असतो. तो असा की, प्राणिसृष्टीतील नवे काही शोधून काढावयाचे तर जहाज हवे, द्रव्य हवे, पदव्या हव्यात आणि दाढीमिशा तरी निदान फुटलेल्या हव्यात.

इतिहास याच्या अगदी उलट साक्ष देतो. जगाच्या ज्ञानात खरी भर घालणारे कित्येक शोध आठ ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींनी लाविले आहेत व तेही आपल्या घरापासून फार दूर न जाता. आणि या कथा लक्षपूर्वक वाचिल्या असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अशा प्रत्येक मुलाच्या जवळपास कोणीतरी वडीलधारे माणूस होते आणि मूल आपला शोध घेऊन त्याच्यापाशी गेले तेव्हा त्याने काय उत्तर दिले, यावर पुष्कळ काही अवलंबून राहिले. याच उत्तराविषयी आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे इ. स. १७९९ मध्ये मेरी अ‍ॅनिंग या मुलीचा जन्म झाला. बाप सुतार, घरी दारिद्र्य. लिहिणेवाचणे ती रविवारच्या शाळेत शिकली. समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यावरचे कडे कोसळत व त्यांतून प्राचीन प्राण्यांचे दगड झालेले अवशेष बाहेर पडत. ते वेचून हवापालटासाठी येणाऱ्या लोकांस विकणे हा बापाचा जोडधंदा होता व या कामी तो आपल्या मुलांस बरोबर नेत असे. इ. स. १८१० मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी मेरीच्या भावास कड्यात सुमारे चार फूट लांबीची एक कवटी आढळली आणि काही महिन्यांनी मेरीने त्याच प्राण्याच्या धडाचा सांगाडा शोधून काढिला. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. प्रथम लोकांस ती सुसर वाटली. परंतु तो इक्थिओसॉर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला एक सागरी सरीसृप होता. विद्वानांचे लक्ष वेधून घेणारा त्या जातीचा हा पहिलाच सांगाडा. ज्या मुलीस शाळेचे शिक्षण धड मिळाले नाही, तिच्याकडून पुढे मोठमोठे भूगर्भशास्त्रज्ञ नमुने घेऊ लागले व माहितीही विचारू लागले.

मेरीच्या बापाने कोणताही ग्रंथ लिहिला नाही. त्याने एवढेच केले की, मुलांस घरी न ठेवता बरोबर नेले आणि दगडात काय पाहावे हे दाखविले. ही परंपरा अद्याप खंडित झालेली नाही, हे विशेष. इ. स. २०२० मध्ये इंग्लंडच्याच सॉमरसेट किनाऱ्यावर एक अकरा वर्षांची मुलगी आपल्या वडिलांबरोबर फिरत असता त्यांस एका प्रचंड जबड्याच्या हाडाचे तुकडे सापडले. वडिलांनी ते घराच्या कपाटात शोभेसाठी न मांडता शास्त्रज्ञांस कळविले. हा इक्थिओसॉरचा एक नवा प्रकार असून त्याची लांबी सुमारे २५ मीटर असावी, असे इ. स. २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या निबंधाच्या लेखकांत त्या मुलीचेही नाव छापिले गेले.

आता दुसरी बाजू पाहावी. इ. स. १९५६ मध्ये इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यातील चार्नवुड येथे टीना नेगस नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीस एका खडकावर नेच्याच्या पानासारखा सुरेख ठसा दिसला. तिने ही गोष्ट शाळेत आपल्या भूगोलाच्या शिक्षकांस सांगितली. तो खडक कॅम्ब्रियनपूर्व काळातील आहे, तेव्हा त्यात जीवाश्म असूच शकत नाहीत, असे उत्तर तिला मिळाले. पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी रॉजर मेसन हा पंधरा वर्षांचाच मुलगा मित्रांसह कडा चढावयास गेला होता. त्यानेही तो ठसा पाहिला, कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून त्याची प्रतिमा घेतली व वडिलांस दाखविली. वडिलांनी ती ओळखीच्या एका भूगर्भशास्त्रज्ञापुढे ठेविली. ट्रेव्हर फोर्ड हे त्यांचे नाव. त्यांचाही प्रथम विश्वास बसेना. परंतु ते स्वतः उठून तेथे गेले, त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि इ. स. १९५८ मध्ये त्या जीवाचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘चार्निया मेसोनाय’ हे त्याचे नाव त्या मुलावरून पडले. समुद्राच्या तळाशी सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वी राहणारा हा जीव पुढे पुष्कळ वर्षे वनस्पती की प्राणी अशा वादात सापडला. आज अभ्यासकांचा कल त्यास अतिप्राचीन प्राण्यांत गणण्याकडे आहे. रॉजर मेसन पुढे स्वतः भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. टीनाने तो ठसा आधी पाहिला होता ही गोष्ट जगास फार उशिरा कळली.

या ठिकाणी त्या शिक्षकांस बोल लावणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. त्या काळच्या पुस्तकांत जे लिहिले होते तेच त्यांनी सांगितले. त्यांचे उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. खडकाप्रमाणे मात्र चूक होते. दोन्ही मुलांचे वय एक, जागा एक, ठसाही एकच. इतकेच नव्हे, तर शिक्षक व शास्त्रज्ञ या दोघांच्या मनातील शंकाही एकच. भेद एवढाच की, एकाने शंका येताच विषय संपविला व दुसऱ्याने शंका येताच पायांत जोडे घातले. आम्ही जे शिक्षणाचा व्यवसाय करितो, त्यांनी ही कथा आपल्या मेजावर लिहून ठेवावी इतक्या मोलाची आहे.

अशीच एक कथा आमच्या मुंबईत घडली. इ. स. १९०८ च्या सुमारास दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने खेळातील छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडिली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीस तो नसतो. ही कोणती चिमणी, असे त्याने आपल्या मामांस विचारिले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारीचे शौकीन होते; परंतु हा पक्षी त्यांस ओळखता येईना. तेव्हा काहीतरी ठोकून देण्याऐवजी त्यांनी भाच्यास चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांजकडे पाठविले. मिलर्डसाहेबांनीही ‘पोरासोरांस येथे काय काम’ असे म्हटले नाही. त्यांनी पक्षी ओळखला, संग्रहालयाची कपाटे उघडून त्यातील पेंढा भरलेले पक्षी दाखविले व वाचावयास पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजेच पुढे जगन्मान्य झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली होत. ‘मला ठाऊक नाही, ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे जा’ असे सांगण्यास वडीलधाऱ्यांस कमीपणा का वाटावा? या एका उत्तराने हिंदुस्थानास केवढा लाभ झाला!

कोणी म्हणेल, या सर्व निवडक, असामान्य मुलांच्या गोष्टी झाल्या. सामान्य वर्गातील सामान्य मुलांचे काय? त्यांच्याही गोष्टी आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानात इ. स. १९९५ च्या ऑगस्ट महिन्यात एका शाळेतील मुले आपल्या शिक्षिकेबरोबर एका तळ्याकाठी गेली होती. तेथे त्यांनी बेडूक पकडिले, तो त्यातील जवळजवळ निम्म्यांचे पाय विकृत! कोणास एक पाय नाही, तर कोणाचा पाय भलत्याच तऱ्हेने वळलेला. मुलांनी मोजदाद केली व शिक्षिकेने सरकारी अधिकाऱ्यांस कळविले. इतर ठिकाणांहूनही तशाच वार्ता येऊ लागल्या आणि शास्त्रज्ञांची दीर्घ चौकशी सुरू झाली. पाण्यातील गोगलगायींतून बेडूकमाशांच्या अंगात शिरणारा एक परोपजीवी कृमी हे या विकृतीचे एक प्रमुख कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले. तसेच शेतातील खते वाहून तळ्यात गेली म्हणजे गोगलगायी व त्यांबरोबर हे कृमीही वाढतात, असेही दिसून आले.

इंग्लंडातील ब्लॅकॉटन या खेड्यातील प्राथमिक शाळेच्या आठ ते दहा वर्षांच्या पंचवीस मुलांनी तर स्वतःच प्रयोग रचिला. बम्बलबी नावाच्या केसाळ मधमाश्या केवळ रंग पाहून फूल निवडतात, की कोणता रंग कोठे आहे हेही ध्यानात ठेवितात, हा त्यांचा प्रश्न होता. रंगीत ठिपक्यांच्या कृत्रिम फुलांपैकी काहींत साखरेचे पाणी, काहींत मिठाचे पाणी ठेवून त्यांनी माश्यांची परीक्षा पाहिली. माश्या रंग व जागा या दोहोंचाही मेळ घालू शकतात, असे त्यांस आढळले. हा निबंध मुलांच्याच शब्दांत व त्यांनी रंगविलेल्या आकृत्यांसह, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या एका नियतकालिकात इ. स. २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे मुख्याध्यापक व एक शास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी होते. परंतु प्रश्न मुलांचे होते.

आता पालकांचे आक्षेप. पहिला असा की, या उद्योगास परीक्षेत गुण किती? आम्ही प्रांजळपणे सांगतो की, एकही नाही. शिवाय बहुतेक मुलांस जगास अज्ञात असे काहीही सापडणार नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु ‘मी पाहिले’ आणि ‘मला वाटते’ या दोहोंतील भेद ज्यास कळला, त्याचे शिक्षण पक्के झाले. आणि हा भेद तळ्याकाठी जितका लवकर कळतो तितका फळ्यापुढे कळत नाही. दुसरा आक्षेप जिवाच्या भीतीचा. तो खरा आहे. खुद्द मेरी अ‍ॅनिंगवर इ. स. १८३३ मध्ये दरड कोसळली; ती थोडक्यात बचावली, पण तिचा इमानी कुत्रा तिच्यादेखत गाडला गेला. तेव्हा मुलांस एकटे सोडा, असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्याबरोबर जा, असे आमचे म्हणणे आहे. ज्या पालकांस वर्षातून चार लग्नांस जाण्यास सवड होते, त्यांस मुलाबरोबर चार सकाळी ओढ्याकाठी काढणे अशक्य नसावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांसही दोन शब्द. एक वही करा. जो प्राणी पाहाल त्याची तारीख, वेळ, जागा व तो काय करीत होता, हे तेथल्या तेथे लिहा. घरी येऊन आठवून लिहिलेल्यात कल्पना मिसळते. चित्र वाईट आले तरी काढा. सलीम अलींचा आरंभ बंदुकीने झाला. तुमचा डोळ्यांनी होऊ द्या, कारण आज पक्षी थोडे उरले आहेत आणि मारल्यावाचून पाहण्याची साधने पुष्कळ झाली आहेत. ज्यांचे आजोळ कोकणात आहे त्यांनी सुटीत ओहोटीच्या वेळी, मोठ्या माणसांसह, खडकांतील डबकी पाहावी. तेथे समुद्रफुले, शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे व कालवे यांचे एक संपूर्ण नगरच वसलेले असते. दगड उचलला तर तो जसा होता तसाच परत ठेवा, कारण ते कोणाच्या तरी घराचे छप्पर आहे. बिळात हात घालू नका. साप दिसल्यास दुरूनच पाहा. आणि भरतीची वेळ आधी विचारून ठेवा.

शेवटी पुन्हा पालक व शिक्षकबंधुभगिनींस आमची विनंती. मूल खिशातून काही बाहेर काढून ‘हे काय आहे?’ असे विचारते, तो क्षण बहुधा आपल्या गडबडीचा असतो. चूल पेटलेली असते, वह्यांचा ढीग तपासावयाचा असतो. अशा वेळी ‘टाक ती घाण’ हे उत्तर जिभेच्या टोकावर असते. खरे उत्तर ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. पण ‘कोठे सापडले, चल, मला दाखव’ एवढे तरी आपणांस म्हणता येईल. मुलाच्या हातात असते ती बहुधा साधी शिंपलीच असेल. परंतु ती शिंपली आहे हे वाकून पाहिल्यावर सांगावे, पाहण्यापूर्वी नव्हे.