चाकांवरच्या घरातली झोप

परदेशी गेलेल्या मुलांच्या तोंडून हल्ली ‘मोटरहोम’ हा शब्द ऐकू येतो. पलंग, ओटा आणि न्हाणीघर पोटात घेऊन धावणारी गाडी भाड्याने घ्यायची आणि अनोळखी मुलूख एकट्याने पालथा घालायचा, असा तो बेत. भिवंडीच्या निजामपुऱ्यातील वाचकांना त्याचे फारसे नवल वाटू नये. आपले शहर यंत्रमागांवर आणि गोदामांवर जगते. तेथील माल देशभर नेणारा ट्रकचालक कॅबिनमध्येच जेवतो आणि तेथेच पाठ टेकतो. पाट्यांवरचे एक अक्षरही वाचता येत नाही अशा प्रांतांतून तो वाट काढतो. पूर्वी सोबतीला क्लीनर असे. आता अनेक गाड्यांवर चालक एकटाच असतो.

अशा प्रवासाला निघालेल्या माणसासाठी आपण घाटाची, पावसाची, चोरांची काळजी करतो. झोपेची काळजी फार थोड्या घरांत होते. वस्तुतः पहिली काळजी तिचीच करावयास हवी, कारण पेंगुळलेल्या मेंदूला स्वतःची पेंग नीट ओळखता येत नाही. शेजारी कोणी असते तर त्याने टोकले असते.

सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्या कायद्याने चालकाला घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पहाटे ४ वाजता उठलेला निर्व्यसनी चालक रात्री ९ नंतरही चाकावर असेल, तर थेंबही न घेता तो ती मर्यादा ओलांडल्यासारखाच असतो. अशा वेळी काही क्षणांची डुलकी डोळे उघडे असतानाही लागू शकते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ४ सेकंदांत जवळजवळ ९० मीटर पुढे गेलेली असते. भिवंडी तालुक्यातील आमणे येथून नागपूरपर्यंत जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारखा सरळ, एकसुरी रस्ता तर मेंदूला अंगाईच गातो. मध्यरात्री २ ते पहाटे ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळांत शरीराचे घड्याळच झोपेकडे ओढत असते.

खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे, तंबाखूची चिमूट यांनी फार तर काही मिनिटे निभतात. तंबाखूचे दुष्परिणाम तर वाचकांना सांगायला नकोत. खरा उपाय एकच, गाडी सुरक्षित जागी थांबवून झोपणे. कडक चहा किंवा कॉफी घेऊन लगेच २० मिनिटे पडावे. कॅफिनचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर मात्र लगेच चावी फिरवू नये. तोंड धुऊन चार पावले चालावे. आणि हे लक्षात असावे, की ही रात्रीच्या झोपेची परतफेड नव्हे, केवळ उसनवारी आहे.

युरोपात मालवाहू गाडीच्या चालकाला साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, आणि गाडीतील यंत्र त्याची नोंद ठेवते. आपल्याकडे २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या ट्रकांच्या कॅबिनला वातानुकूलन बंधनकारक झाले. हे चांगलेच झाले. परंतु गारव्याने थकवा कमी झाला तरी झोप भरून निघत नाही. परदेशात हौसेने मोटरहोम घेणाऱ्यावर तर कोणतेच यंत्र लक्ष ठेवीत नाही. विमानातून उतरून त्याच दिवशी चाकावर बसू नकोस, एवढे मुलाला बजावून सांगा. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एकाच तासाने जुळत जाते, आणि अमेरिकेत किंवा जर्मनीत तर रस्त्याची बाजूही उलटी असते.

घरी असलेल्यांच्या हाती पुष्कळ आहे. गाडी चालू असताना फोन करू नका. थांब्याची वेळ आधीच ठरवून घ्या. त्या वेळी ‘कधी पोहोचणार?’ असे विचारण्याऐवजी ‘काल किती तास झोपलात?’ असे विचारून पाहा. पहिल्या प्रश्नाने घाई वाढते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते. प्रवासाच्या डब्यात त्या घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने उपाशीपोटी गाडी हाकणे धोक्याचे, कारण साखर उतरली की भान हरपते.

आणखी एक गोष्ट घरातल्यांनाच कळू शकते. मोठ्याने घोरणारा माणूस मध्येच निःशब्द होतो, श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि मग तो दचकून पुन्हा श्वास घेतो. असे वारंवार होत असेल तर तो निद्राश्वसनरोध असू शकतो. आठ तास पडूनही अशा माणसाची झोप होत नाही. त्याचे निदान होते, उपचारही आहेत. जाड मान आणि वाढलेले वजन असलेल्या चालकांनी ही तपासणी अवश्य करून घ्यावी.

रात्रभर गाडी हाकून माणूस सकाळी घरी येतो, तेव्हा खोलीत जाड पडदा लावा आणि नातलगांना दुपारनंतर बोलवा. शेजारच्या मागांचा खडखडाट थांबवणे आपल्या हाती नाही. पण तो एकसारखा असल्याने कानांना त्याची सवय होते. झोप मोडते ती दाराच्या घंटेने आणि उशाशी ठेवलेल्या मोबाइलने.