डाव कोणाचा, वाटा कोणाचा?

विजय नगरातील आमच्या घरी परवा मोबाईलवरील रमीवरून वाद रंगला. भाच्याने दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयाचे शुल्क तीत घालविले होते. तरी त्याचे म्हणणे, "मामा, रमी हा कौशल्याचा खेळ, जिंकणाऱ्यास बक्षीस का नसावे?"

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमीस कौशल्याचा खेळ मानले, हे खरे. परंतु पैजेच्या डावातून जागेचा मालक नफा मिळवीत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो, हेही त्याच निकालात आहे. मोबाईलवर तर कोणीही जिंको, कंपनी आपला वाटा आधीच कापून घेई. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.

वाचकहो, घरच्या गुलामचोरात हरणारा फार तर 'चोर' ठरतो. पदरची दमडी मात्र पदरीच राहते.